दोन कप्प्यांचं फूल

माझ्याकडे शिकून गेलेल्या कुठल्याही मुलीला विचारा, पहिल्या दिवशी मी काय करते. टेबलावर एक देखणं फूल ठेवते, सगळ्या जणी "अय्या, किती गोड" म्हणेपर्यंत थांबते आणि मग त्याच्या पाकळ्या ओरबाडून डब्यात टाकते. रंग टाका, वास टाका, आणि पानं तर सगळ्यात आधी टाका. पानांचा काडीचा भरवसा नाही. सावलीत वाढली की रुंद, उन्हात वाढली की चिंचोळी, माती बदलली की आणखी तिसरीच. झाडाचं कूळ ठरतं ते फुलाच्या नर-मादी अवयवांवरून. बाहेरचे पुंकेसर किती, सुटे की जुळलेले, आणि मधल्या बीजकोशाला आडवा छेद दिला की आत कप्पे किती दिसतात. ते मोजा, मग बोला. पुंकेसर मोजता मोजता कॉलेजात माझं नावच केसरबाई पडलं. तोंडावर कुणी तसं म्हणत नाही, कारण माझं तोंड सगळ्यांना ठाऊक आहे.

तोंडाचं सोडा, माझ्या थोरल्या भावाला बोलायचीही गरज पडत नसे, त्याचा हात आधी पोचायचा. वडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता आणि मी नऊ. त्याने मला वाढवलं, शिकवलं आणि उठता-बसता बदडलं. गणितात कमी मार्क पडले, थोबाडीत. उशिरा घरी आले, थोबाडीत. पदवीला पहिली आले तेव्हा पाठीत असा धपाटा घातला की हातातला पेला पडला. तो बहुधा कौतुकाचा असावा. मला दादा आवडत नव्हता. हे सरळच सांगून टाकते, कारण त्या सकाळी मी जे केलं त्यात याचाही हात होता.

दादा गोडमुळी नावाच्या झाडाची मुळं खणून आणायचा, अंगणात वाळवायचा, दळायचा आणि पोटदुखीची भुकटी म्हणून पुड्या विकायचा. वीस वर्षं विकत होता. त्या आठवड्यात गावाच्या वरच्या अंगाच्या एका गल्लीत भुकटी घेतलेली तीन माणसं दोन दिवसांत गेली. शेवटची सुताराची बायको. रात्रभर तोंडातून फेस येत होता म्हणे. हे मला कॉलेजच्या फाटकातच शिपायाने सांगितलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. कारण गोडमुळीसारखंच दिसणारं दुसरं एक झाड आहे, दाहमुळी. पानं तीच, खोड तेच, मूळ मात्र जहर. आणि चारच महिन्यांपूर्वी दादा नव्या टेकडीवरचं रोप घेऊन माझ्याकडे आला होता. जुनी जागा संपली, हे खणू का, म्हणून विचारायला. मी त्याला गोडमुळी म्हणून नाव लिहून दिलं होतं. एवढं सांगूनही या माणसाने भलतंच काहीतरी उपटून आणलं, असं म्हणत मी जिना चढले.

आमचं संग्रहालय म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली. लोखंडी कपाटं, त्यात जाड कागदावर चिकटवलेली वाळकी रोपं, डांबरगोळ्यांचा वास. मोठे सर परगावी होते, मी एकटीच होते. भिंग लावून बसते न बसते तोच दार धाडकन उघडलं आणि दादा आत आला. शर्ट फाटलेला, कानातून रक्त मानेवर उतरलेलं. त्याने आतून कडी घातली.

"वही कुठाय?"

"कसली वही? दादा, काय केलंस तू हे?"

"नावं लिहितेस ती वही. बाहेर काढ."

ओळख पटवायला रोप आणलं की आम्ही माणसाच्या हातात चिठ्ठी देतो आणि तेच सगळं वहीत उतरवतो. कोणी आणलं, कुठून आणलं, कोणतं झाड, खाली सही. वही टेबलावरच होती. त्याची नजर गेली तशी मी ती छातीशी धरली.

"चिठ्ठी जाळली मी," तो म्हणाला. "आता ही दे."

मला सगळं लख्ख कळलं, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. चिठ्ठी जाळली, आता वहीतलं पान गेलं की मी त्याला गोडमुळीच सांगितली होती याला पुरावा उरत नाही. मग तो खुशाल म्हणेल, मला काय माहीत, मी अडाणी माणूस.

"पापं तुझी आणि वही माझी फाडतोस?" मी ओरडले. "तीन माणसं मेली!"

त्याने मारलं. उघड्या पंजाने, कानाखाली, नेहमीच्याच ठिकाणी. मी कपाटावर आपटले. माझे केस धरून त्याने मला खाली बसवलं आणि वही हिसकून घेतली. थुंकी लावून पानं उलटत होता, जिन्यावरून वर येणाऱ्या पावलांचा आवाज वाढत होता, आणि तो ओळीवरून बोट फिरवत शाळेतल्या पोरासारखा ओठ हलवून वाचत होता. सापडलं तसं त्याने पान फाडलं, चुरगाळलं आणि तोंडात कोंबलं.

"तू काही बोलायचं नाहीस," तो घास चावत म्हणाला. "कळलं? तोंड उघडलंस तर याद राख. तुला काही माहीत नाही."

चाळीस वर्षांच्या चपराका माझ्या डोक्यात एकदम जमा झाल्या. फुलं सोलायची माझी सुई टेबलावर होती, लाकडी मुठीची, वीतभर. मी ती उचलली आणि टेबलावर टेकलेल्या त्याच्या हातात भोसकली. अंगठा आणि बोटाच्या मधून ती लाकडापर्यंत गेली. तो ओरडला नाही. माझ्याकडे बघितलं फक्त, जरा नवल वाटल्यासारखं. मग मी दाराशी गेले आणि कडी काढली.

कडी मी काढली. त्यांना दार फोडावं लागलं नाही.

पंधरा-वीस माणसं होती. त्यांनी त्याला केसांना, कॉलरला, जिथे हाताला लागेल तिथे धरलं. एकाने पहिल्याच फटक्यात त्याचं नाक फोडलं. जिन्यावरून त्याला उतरवलं म्हणता येणार नाही, टाकलं. त्याचं डोकं पायऱ्यांवर आपटत गेलं तो आवाज मी मोजला. अकरा. मोजायची सवय अशी ऐन वेळी अंगात येते.

खोलीत एकच माणूस थांबला. उंच, रुंद मनगटांचा, दोन दिवसांची दाढी वाढलेला. हातात हातोडा, काखेत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं रोप. हाच तो सुतार.

"त्याच्या अंगणात हे पडलं होतं," तो म्हणाला. आवाज अगदी खाली होता. "मुळासकट. सगळी म्हणतात तुम्ही ओळखता. मला खात्री करून घ्यायची आहे, बाई. विषाचं नसेल तर मी त्यांना थांबवतो. विषाचं असेल तर तो माणूस खालच्या अंगणातून उठणार नाही."

"पोलीस बोलवा," मी म्हटलं.

"येतील ते. तुम्ही बघा."

फडकं सोडलं. पानं गोडमुळीची वाटत होती, तशी ती दोघींचीही वाटतात. पण टोकाला कळ्या धरल्या होत्या. मी सर्वांत मोठी कळी खुडली, भिंगाखाली घेतली. गालावर पाच बोटं उठलेली, तरी पात्याला हात लागला तसा तो आपोआप चालायला लागला. तीस वर्षांचं वळण आहे ते. हिरवं आवरण सोललं, पाकळ्या काढल्या.

"पाच पुंकेसर," मी म्हटलं. "दोन्ही झाडांत पाचच असतात, यावरून काही ठरत नाही. मधला बीजकोश बघावा लागेल. तीन कप्पे असले तर गोडमुळी. दोन असले तर विष."

"पानावरून नाही कळत?"

"पानावरून गाढवं ओळखतात."

"आम्हीही साल बघून लाकूड घेत नाही," तो म्हणाला. "आतली रेघ बघतो." आणि टेबलाला टेकून उभा राहिला. खाली काहीतरी ओलं, जड आपटल्याचा आवाज आला. एक माणूस हसला. दादाचा आवाज मुळीच येत नव्हता.

मी आडवा छेद घेतला. काप पाण्याच्या थेंबात काचेवर ठेवला आणि बघितलं. मग सुताराला भिंग दिलं.

"दोन," तो म्हणाला. "मध्ये एक पडदा. दोन खोल्या."

"दाहमुळी," मी म्हटलं.

त्याने हातोडा उचलला. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. भीती वाटली, पण माझ्या कानात अजून दादाची चपराक वाजत होती आणि जिभेवर माझं स्वतःचं रक्त होतं. दारापर्यंत जाऊन सुतार वळला.

"तो तुमच्याकडून तपासून घेतो म्हणे. वीस वर्षं बायकोच सांगायची मला, बहीण शिकलेली आहे, भुकटी चांगलीच असणार. मग तुम्ही काय सांगितलं होतं त्याला?"

"गोडमुळी सांगितली होती!" मी कडाडले. "त्याने आणलेलं रोप जपून ठेवलंय मी. दाखवते. ते वेगळं होतं. त्याने नंतर दुसरंच खणलं."

कपाट उघडलं, गठ्ठा काढला, ते रोप चिकटवलेली शीट सापडली. टेबलावर पसरली. कोपऱ्यात माझं अक्षर, माझी सही, गोडमुळी. मधे रोप, मुळासकट, सुंदर दाबलेलं. पानं, खोड, मूळ.

फूल नव्हतं.

मग आठवलं. हंगाम नव्हता. एरवी मी कुणालाही सांगितलं असतं, फुलावर आलं की घेऊन या, तोवर हात लावू नका. दादालाही तेच म्हणणार होते. पण तो दारात उभा राहून ओरडत होता, मला काम आहे, तुझ्यासारखी पंख्याखाली बसत नाही मी, हो की नाही ते सांग. शिकणाऱ्या मुली बघत होत्या. मला तो माणूस खोलीतून जायला हवा होता. मी पानं उलटून बघितली, गोडमुळी लिहिलं, सही ठोकली आणि चिठ्ठी त्याच्या अंगावर फेकली. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

"काय झालं?" सुताराने विचारलं.

त्या घडीला शीट मिटता आली असती. त्याला काय कळणार होतं? पण एका पानाच्या बेचक्यात मोहरीएवढा एक कोंब दिसला. वाळलेला, काळा पडलेला. कळी. चार महिन्यांपूर्वीही ती तिथे होती आणि मी बघितली नव्हती.

वाळलेली कळी उकळल्याशिवाय उघडत नाही. मी दिवा पेटवला, नळीत पाणी घेतलं, कळी आत सोडली. पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत खाली काय चाललं होतं ते मला खिडकीतून दिसत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. काठी मांसावर पडते तेव्हा एक आवाज होतो आणि हाडावर पडते तेव्हा वेगळा. पाण्याला बुडबुडे यायला लागले. कळी फुगली, तळाशी बसली. मी तिला चिमट्याने बाहेर काढलं, सोललं, आडवं कापलं. बघितलं. पुसून पुन्हा बघितलं.

"बघू," सुतार म्हणाला आणि मला बाजूला करून वाकला. बराच वेळ वाकून राहिला. "ही पण दोनच," तो म्हणाला.

म्हणजे दादाने मी सांगितलं तेच खणलं होतं. त्याच टेकडीवरचं, तेच झाड, एकही दुसरं नाही. माणसं मरायला लागली तेव्हा त्याला कळलं, कारण आपण काय खणलं हे त्याला पक्कं माहीत होतं. मार खाऊन, जमाव मागे लागलेला असताना, पळून जायचं सोडून तो दोन मैल धावत इथे आला तो माझं अक्षर आणि माझी सही फाडून खायला. आणि मी त्याचा हात टेबलाला खिळला.

"चूक माझी आहे," मी सुताराला म्हटलं. "तुम्ही बघितलंत. तुमच्या डोळ्यांनी बघितलंत. चला, सांगा त्यांना."

मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. अंगणात फरशीवर तो कुशीवर पडला होता. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला, एक डोळा बंद, तोंडाभोवती रक्ताचे बुडबुडे. मी माणसं ढकलली, चावे घेतले, त्याच्या अंगावर पडले आणि ओरडले, "याला सोडा! मी सांगितलं होतं याला! झाड मी चुकीचं ओळखलं, फूल न बघता. तुमची माणसं मी मारली! मला मारा!"

काठ्या थांबल्या. खरंच थांबल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात माझ्याखाली दादा हलला. त्याचा जबडा निखळला होता, शब्द धड येत नव्हते, तरी सगळ्यांना ऐकू गेले.

"खोटं बोलतेय," तो म्हणाला. "लहानपणापासून खोटारडी. हिने... हिने नकोच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"दादा, गप्प बस!"

"तूच गप्प बस," तो म्हणाला आणि हात उचलायला गेला. माझ्या सुईने भोक पडलेला तो हात. तो वर आलाच नाही.

सगळ्यांनी सुताराकडे बघितलं. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. मीही बघितलं. एक शब्द, फक्त "हो" म्हणाला असता तरी पुरे होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली दादाकडे, त्या मोडलेल्या पायाकडे, मिटलेल्या डोळ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला दिसत होतं. हा माणूस निर्दोष निघाला तर हे हाल आपण कुणाचे केले, हे त्याला पेलवत नव्हतं.

"मला त्या भिंगातून काही कळलं नाही," तो म्हणाला. "नुसता चिखल दिसला."

"दोन म्हणालात तुम्ही! दोनदा म्हणालात!"

"बहीण आहे," कुणीतरी मागून म्हणालं. "सोडवायला बोलणारच."

त्यांनी मला सांभाळून उचललं. एका बाईने माझा पदर सारखा केला. मी लाथा झाडत होते, सुताराच्या नावाने शिव्या देत होते, आणि ती मला "ताई, बघू नका, ताई" म्हणत माझं तोंड आपल्या खांद्यात दाबत होती. मी तिच्या बोटांमधून बघितलं. सुतार गुडघ्यावर बसला, एका हाताने दादाचं डोकं सरळ केलं, खिळा धरावा तसं, आणि हातोडा उचलला. दादाने मार चुकवला नाही. एकच फटका होता, आणि मारणारा सुतार होता, त्यामुळे तो बरोबर बसला.

पोलीस आले तेव्हा अंगणात मी आणि तो, दोघंच होतो.

दुसऱ्या दिवशी मी चौकीत गेले. शीट घेऊन गेले, काचेवरचे दोन्ही काप जपून नेले, भिंगसुद्धा नेलं. लिहून घेणारा तरुण होता, सभ्य होता. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, चारच महिन्यांपूर्वीचं अर्धं मिनिट, चिठ्ठी, कळी, कप्पे, सगळं. वहीचं पान नव्हतं, पण शीटवर माझी सही होती. काप तोवर सुकून काचेला चिकटले होते. त्याने भिंगाला डोळा लावला, उजेडाकडे धरून बघितलं, माझं मन राखायला आणखी एकदा बघितलं. मग पेन खाली ठेवलं.

"ताई," तो म्हणाला, "मलाही बहीण आहे. तिनेही माझ्यासाठी असंच केलं असतं."

आणि त्याने माझ्यासाठी पाणी मागवलं.